एका कॉम्प्युटरमध्ये दोन चुली



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "ताई, घरचा कॉम्प्युटर जुना झाला म्हणतात. त्याच्यात नवं विंडोज बसत नाही. दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या. घ्यायचा का?" नवीन कॉम्प्युटर म्हणजे पंचवीस-तीस हजारांची बात. एवढ्या पैशात दोन शेळ्या येतात, पिठाची गिरणी येते, मुलीच्या शिक्षणाची वर्षाची फी भरता येते. म्हणून आज याच प्रश्नावर बोलू. आमचं उत्तर आधीच सांगतो. घाई करू नका. तो कॉम्प्युटर अजून काही वर्षं चालू शकतो. आहे ते विंडोज तसंच ठेवून त्याच्याच शेजारी लिनक्स बसवता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण कामाचा क्रम चुकला, तर वर्षानुवर्षांचे हिशेब एका क्षणात पुसले जाऊ शकतात. म्हणून क्रम नीट ऐका.

आधी, कॉम्प्युटर 'जुना झाला' म्हणजे नेमकं काय झालं ते पाहू. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नेहमीची देखभाल थांबवली. नाव नोंदवणाऱ्यांसाठी वाढीव मुदतीची सोय ठेवली, पण ती कायमची नाही. देखभाल थांबली म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. दाराचं कुलूप तेच राहतं. फक्त चोरांना ते उघडायची नवी युक्ती सापडली, तर कुलूप बदलून द्यायला आता कुणी येणार नाही. अशा दारामागे बँकेचं काम करणं धोक्याचं.

मग विंडोज ११ का घालत नाहीत? कारण त्याच्या अटी आहेत. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर. आठ-दहा वर्षांपूर्वीचे बहुतेक कॉम्प्युटर शेवटच्या दोन अटींत अडकतात. यंत्र धडधाकट असतं, फक्त यादीत बसत नाही.

आता लिनक्स म्हणजे काय? कॉम्प्युटरचा सगळा कारभार पाहणारी एक मुख्य व्यवस्था असते. कीबोर्डवर दाबलेलं अक्षर पडद्यावर आणणं, फाइल जागेवर ठेवणं, प्रिंटरला काम सांगणं, हे सगळं ती बघते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही तशी एक व्यवस्था, लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि जगापुढे खुला ठेवला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचं काम जाहीर केलं होतं. कुणीही वापरावं, आतून पाहावं, सुधारावं आणि दुसऱ्याला द्यावं, अशा मुक्त प्रणालीचं ते काम. ही दोन्ही कामं एकमेकांना येऊन मिळाली. पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी आणि अनेक कंपन्यांनीही त्यात भर घातली. आपल्या गटात प्रत्येकीची थोडी-थोडी बचत जमून भांडवल उभं राहतं, तसंच हे उभं राहिलं.

"आम्हाला जमेल का हे परदेशी काहीतरी?" असं वाटत असेल, तर हातातला मोबाईल बघा. तो अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या आत लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे तुम्ही रोजच लिनक्स वापरता. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये मुलं अनेक वर्षांपासून लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनंही २००७ साली 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स आणलं.

लिनक्सचे वाण पुष्कळ आहेत. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट. आज आपण लिनक्स मिंट धरून बोलू, कारण त्याचा पडदा विंडोजसारखा दिसतो आणि हात लवकर बसतो. त्याला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम असेल तर काम सुखाचं होतं. जुन्या यंत्रासाठी मिंटचाच एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार घ्यावा. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत.

कुणी विचारेल, लिनक्स एवढं चांगलं, तर विंडोज काढूनच का टाकू नये? याचं कारण आपल्या कामात आहे. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. काही प्रिंटर, अंगठ्याचे ठसे घेणारी काही यंत्रं यांच्यासोबत फक्त विंडोजचेच ड्रायव्हर मिळतात. गटाचे जुने ठराव, अहवाल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसतात. म्हणून एकदम सोडू नका. एका घरात दोन चुली मांडा. कॉम्प्युटर सुरू करताना तो विचारेल, आज कोणती चूल पेटवायची? एका वेळी एकच पेटते. एकीवरून दुसरीवर जायचं तर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा.

दोन चुली म्हटल्या की वाटणी आली. कॉम्प्युटरच्या डिस्कची वाटणी करावी लागते, थोडी जागा विंडोजकडून काढून लिनक्सला द्यावी लागते. आणि वाटणीच्या वेळी काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आधी कागदपत्रं सुरक्षित जागी, मग मोजणी, मग बांध.

पहिलं काम कागदपत्रांचं, म्हणजे बॅकअपचं. आमच्या ओळखीच्या एका गटाचा कॉम्प्युटर एका दुकानात दिला होता. तिथे "फॉर्मॅट मारून देतो" म्हणाले आणि दिला मारून. सहा वर्षांचं कर्जवाटपाचं रजिस्टर त्यात गेलं. हाताने लिहिलेली पासबुकं प्रत्येकीच्या घरी होती, म्हणून सचिवाताईंना दोन महिने बसून ते पुन्हा उभं करता आलं. म्हणून सांगतो, बॅकअप घेतल्याशिवाय पुढच्या एकाही पायरीला हात लावू नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो हे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. टॅली असेल तर तिचा बॅकअप वेगळा घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत उतरवा, आणि ती वही कुलपात ठेवा. मग तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाइली खरंच उघडतात का ते पाहा. उघडून पाहिलेला नाही, तो बॅकअप धरायचा नाही.

कॉम्प्युटर तुमचा स्वतःचा नसून गटाचा किंवा संघाचा असेल, तर आधी बैठकीत विषय घ्या, ठराव लिहा. बँकेनं किंवा कार्यालयानं वापरायला दिलेल्या यंत्रात परस्पर बदल करू नका.

दुसरं काम मोजणीचं. 'धिस पीसी' उघडून सी ड्राइव्हमध्ये मोकळी जागा किती ते पाहा. लिनक्सला ५० जीबी द्यायची, तर त्यानंतरही विंडोजकडे वीस-तीस जीबी मोकळी उरली पाहिजे. उरत नसेल तर नको असलेल्या फाइली आधी काढा.

तिसरं काम, विंडोजच्या दोन सोयी बंद करायच्या. एक, बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन'. ही डिस्कला घातलेली आतली कडी आहे. ती चालू असताना यंत्र सुरू होण्याच्या पद्धतीत बदल झाला, तर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकतं, आणि ती जवळ नसेल तर आपल्याच घरात आपल्याला शिरता येत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करा आणि काम पूर्ण होईपर्यंत थांबा, त्याला वेळ लागतो. दोन, 'फास्ट स्टार्टअप'. ती चालू असली की बंद करताना विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं. अशा अर्धवट झोपेत दुसऱ्यानं डिस्कला हात लावला तर फाइली बिघडू शकतात. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आणि तिथे फास्ट स्टार्टअपच्या चौकटीतली खूण काढायची.

चौथं काम बांध घालायचं. स्टार्टच्या खुणेवर माउसचं उजवं बटण दाबा, 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. सी ड्राइव्हवर पुन्हा उजवं बटण, 'श्रिंक व्हॉल्यूम'. तो आकडा एमबीमध्ये मागतो. ५० जीबीसाठी ५१२०० लिहा. काम झालं की काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' असा तुकडा दिसेल. तो तसाच मोकळा सोडा, त्याला नाव-गाव काही देऊ नका. ती लिनक्सची जागा आहे.

हे काम करताना लाइट जाता कामा नये. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर लावूनच बसा. डेस्कटॉप असेल आणि इन्व्हर्टर नसेल, तर भारनियमनाची वेळ टाळा.

पाचवं काम, लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवणं. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ नावाची फाइल उतरवायची. ती साधारण ३ जीबीची असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात मावत नाही, म्हणून वायफाय असेल तिथे जाऊन उतरवा. फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का, हे पाहण्यासाठी तिथेच एक लांबलचक आकडा दिलेला असतो. तो त्या फाइलचा अंगठा. आपल्या फाइलचा अंगठा त्याच्याशी जुळला पाहिजे. ती कशी जुळवायची, याची कृती तिथेच लिहिलेली आहे. मग रूफस किंवा एचर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामनं ही फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. ध्यानात ठेवा, चढवताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. बॅकअपचा पेनड्राइव्ह वेगळा आणि हा वेगळा. दोन्हींवर चिठ्ठी चिकटवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

आता पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करताना एफ १२, एफ ९, एफ २ किंवा एस्केप यांपैकी एक बटण दाबायचं. कोणतं, ते कंपनीप्रमाणे बदलतं. सुरुवातीच्या पडद्यावर ते बहुधा लिहिलेलं असतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की लिनक्स मिंट थेट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं. इथे आम्हाला लिनक्सची सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. अजून काहीही बसवलेलं नाही, आणि तरी तुम्ही ते वापरून बघू शकता. साडी घेण्याआधी अंगावर टाकून बघतो, तसं. वायफाय लागतं का? आवाज येतो का? प्रिंटर ओळखतो का? आपलं हिशेबाचं पत्रक उघडतं का? पेनड्राइव्हवरून ते जरा सावकाश चालतं, त्याची काळजी नको. मनाला आलं नाही तर कॉम्प्युटर बंद करा, पेनड्राइव्ह काढा. विंडोज जिथल्या तिथे असेल.

पटलं, तर पडद्यावरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट'वर दोनदा टिचकी मारा. भाषा, कीबोर्ड असे सोपे प्रश्न येतील. मग येतो तो पडदा, ज्याच्यासाठी आम्ही आज एवढं बोलतोय. त्यावर दोन ओळी जवळजवळ असतात. एका ओळीत 'इन्स्टॉल लिनक्स मिंट अलाँगसाइड' आणि पुढे विंडोजचं नाव असतं. अलाँगसाइड म्हणजे शेजारी. दुसऱ्या ओळीत 'इरेज डिस्क' असतं. इरेज म्हणजे पुसणं, विंडोज, हिशेब, फोटो सगळंच. आपल्याला फक्त 'अलाँगसाइड' हवं. ही ओळ दिसलीच नाही, किंवा डिस्कच दिसली नाही, तर अंदाजानं पुढे जाऊ नका. 'क्विट' दाबून बाहेर या आणि जाणकाराला विचारा. तोवर काहीही बिघडलेलं नसतं.

पुढे तो गाव विचारतो. मुंबई-पुणे शोधू नका, कोलकाता निवडा. साऱ्या भारताची वेळ त्याच नावानं नोंदलेली आहे. मग तुमचं नाव आणि पासवर्ड. हा पासवर्ड पुढे प्रत्येक नवा प्रोग्राम बसवताना लागतो, म्हणून तो तुमचा तुम्ही ठरवा आणि वहीत लिहा. भाच्यानं ठरवला आणि भाचा पुण्याला गेला, असं होऊ देऊ नका.

काम संपल्यावर कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, सांगेल तेव्हा पेनड्राइव्ह काढा. आता एक यादी दिसेल. वर लिनक्स मिंट, खाली विंडोज. बाणाच्या बटणानं निवडायचं आणि एंटर. काही सेकंद काहीच केलं नाही तर लिनक्स आपोआप सुरू होतं. पहिल्या दिवशी दोन्ही चुली एकेकदा पेटवून बघा.

नंतर येणाऱ्या तीन शंका आत्ताच सांगून ठेवतो. कधीकधी विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. दोघं घड्याळ वेगळ्या पद्धतीनं वाचतात, म्हणून ते होतं. लिनक्समध्ये एका ओळीची आज्ञा दिली की ते जुळतं. जाणकाराकडून ती करून घ्या, कारण घड्याळ चुकीचं असेल तर काही संकेतस्थळं उघडत नाहीत. दुसरं, लिनक्समधून विंडोजच्या फाइली दिसतात, पण विंडोजला लिनक्सच्या फाइली आपणहून दिसत नाहीत. म्हणून दोन्हीकडे लागणारी पत्रकं विंडोजच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवा. तिसरं, उद्या लिनक्स नकोसं झालं, तर त्याचा तुकडा नुसता पुसू नका. आधी यंत्राच्या सेटिंगमध्ये विंडोजला पहिला नंबर द्यायचा, मग तुकडा काढायचा. नाहीतर यंत्र सुरूच व्हायचं नाही.

आता कामाची वाटणी कशी करायची? लिनक्समध्ये लिबरऑफिस आधीपासून असतं. त्याच्या कॅल्कमध्ये आपली एक्सेलची पत्रकं उघडतात. कुणाला पाठवायची असतील तर एक्सेलच्याच प्रकारात जतन करा. पत्रकात मॅक्रो असतील तर ते नीट चालतात का, हे आधी बघा. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट आहे, टाइप होतं ते युनिकोडमध्ये, त्यामुळे कुठल्याही मोबाईलवर ते वाचता येतं. बँक, ईमेल, सरकारी योजनांचे अर्ज, मुलांचा अभ्यास हे लिनक्सवर. टॅली, जुन्या फॉन्टच्या फाइली, अडेलतट्टू प्रिंटर हे विंडोजवर. शेजारी लिनक्स आलं म्हणून विंडोज १० चं कुलूप नवं होत नाही. म्हणून तिकडे गेल्यावर शक्यतो इंटरनेट बंद ठेवा. आणि कोणतीही व्यवस्था असली तरी फोनवर कुणाला ओटीपी सांगितला, तर पैसे जातात ते जातातच. तिथे लिनक्स काही करू शकत नाही.

मैत्रिणींनो, हे काम एकटीनं रात्री जागून करायचं नाही. गटातल्या दोघी-तिघी दिवसा एकत्र बसा. एकीनं पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचायची, दुसरीनं अर्थ सांगायचा, मगच तिसरीनं बटण दाबायचं. कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा द्यायचा नाही, हे आपण गटात शिकलो. इथेही नियम तोच. झालं की वहीत तारीख, काय केलं आणि बॅकअप कुणाच्या घरी ठेवला, ते लिहून ठेवा.

या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा. कुणाकुणाच्या घरी बाजूला ठेवलेला कॉम्प्युटर आहे, त्याची यादी काढा. पेनड्राइव्ह एकच बनवा आणि घरोघरी फिरवा. नुसता लावून बघायला काही लागत नाही. चांगला चालला, तर नव्या कॉम्प्युटरचे पैसे गटातच राहतील.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.